मल्लांची प्रतवारी

गणेशोत्सवात आमच्या घरी तीन पिढ्या एकत्र जमतात. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, की पुरुषमंडळी ओसरीवर बसतात आणि दरवर्षीचा एक वाद न चुकता उभा राहतो. आजवरचा सर्वश्रेष्ठ मल्ल कोण, हा तो वाद. आजोबा हयात होते तोवर त्यांचा कौल गामाला असे. ‘माझ्या वडिलांनी गामा याच वडोदऱ्यात डोळ्यांनी पाहिला,’ एवढे एक वाक्य ते उच्चारीत आणि वाद संपला असे मानून पानाचा डबा पुढे ओढीत. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, खाशाबा जाधवांचे अभिमानी. धाकटे काका नोकरीच्या निमित्ताने मुंबईत असताना १९६८ साली दारासिंगची कुस्ती पाहून आले होते. तेव्हापासून त्यांना दुसरे नाव सुचत नाही.

यंदा माझ्या पुतण्याने या वादाला शिस्त लावण्याचे मनावर घेतले. त्याने कागदावर एक ते दहा आकडे घातले आणि तो माझ्यासमोर ठेवून म्हणाला, ‘काका, तुम्ही मुख्याध्यापक. साऱ्या आयुष्यात मुलांचे क्रमांक काढलेत. आता यांचेही काढा.’ अण्णांनी पंचाऐंशीव्या वर्षीही शाबूत असलेल्या खणखणीत आवाजात बजावले, ‘काढ, पण पक्षपात नको.’ त्या रात्री मी कागद कोराच परत दिला. या महिन्याच्या लेखाच्या निमित्ताने तो भरावयाचा आहे.

प्रथम अडचण मांडतो. परीक्षेत सर्व मुलांना प्रश्नपत्रिका एकच असते, म्हणून क्रमांक लावता येतो. मल्लांची प्रश्नपत्रिका मात्र पिढीगणिक बदलत गेली. लाल मातीच्या हौद्यातील कुस्ती आणि गादीवरची कुस्ती या दोन भिन्न विद्या आहेत, असे म्हटले तरी चालेल. मातीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावून त्याला अस्मान दाखवणे हाच विजय. तेथे पूर्वी घड्याळाचा जाच नसे. तासन्‌तास खडाखडी चाले आणि जोड तुल्यबळ ठरली तर कुस्ती बरोबरीत सुटे. गादीवर वेळ मोजलेला, प्रत्येक पकडीला गुण, आणि चितपट न करताही गुणांवर जिंकण्याची सोय. मातीत पाय रुततो, घामावर माती टाकली की पकड घट्ट बसते. गादीवर चपळाई अधिक कामास येते. शिवाय वजनी गटांचा प्रश्न आहेच. सत्तावन्न किलोचा मल्ल आणि शंभर किलोचा मल्ल यांना एका पंक्तीत बसवून कोणता मोठा हे विचारणे, म्हणजे गझल मोठी की महाकाव्य मोठे असे विचारण्यासारखे आहे. तरीही माणूस विचारतोच. आणि विचारणाऱ्याला ‘सारेच थोर’ असे सांगून वाटेला लावणे मला शिक्षक म्हणून प्रशस्त वाटत नाही.

दुसरी अडचण अधिक बिकट आहे, आणि ती मला एका विद्यार्थ्याने शिकवली. तो प्रसंग माझ्या बाजूने फारसा भूषणावह नाही. पण तो टाळून पुढचे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

वडोदऱ्याच्या वाचकांना सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालयात ठेवलेला गामाचा दगड ठाऊक असेलच. गामाने २३ डिसेंबर १९०२ रोजी हा दगड उचलला, त्याचे वजन १२०० किलो आहे, अशी त्याची माहिती दिली जाते. लहानपणी आजोबा मला तेथे घेऊन जात. ते दगडाला हात लावून नमस्कार करीत आणि मलाही करावयास लावीत. मी मुख्याध्यापक झाल्यावर शाळेच्या सहलीत मुलांना त्याच दगडापाशी उभे केले आणि आजोबांच्याच शब्दांत ती कथा सांगितली. नववीतील एका मुलाने हात वर केला. ‘सर, हे खरे असेल का?’ एवढेच त्याने विचारले. मी रागावलो. थोरांविषयी शंका घेणे हे संस्काराचे लक्षण नव्हे, असे चारचौघांत सुनावून मी त्याला रांगेच्या शेवटी उभे केले.

दोन दिवसांनी तो वहीचे एक पान घेऊन माझ्या खोलीत आला. दगडाची लांबी, रुंदी, उंची अडीच-अडीच फूट सांगतात, तेवढ्यावरून त्याने गणित केले होते. अडीच फुटांचा पूर्ण घन धरला तर घनफळ साडेपंधरा घनफुटांहून थोडे अधिक. असा कठीण दगड घनफुटाला सुमारे शहात्तर किलो भरतो. गुणाकार बाराशे किलोच्या अगदी जवळ येत होता. ‘म्हणजे सर, वजन बरोबर आहे,’ तो म्हणाला. मी समाधानाने मान हलवली. तेव्हा त्याने पानाची मागची बाजू दाखवली. जमिनीवरून दोन्ही हातांनी पाचशे किलोंचे वजन उचलणे जगातील बलाढ्य पुरुषांनाही २०१६ साली प्रथम साधले, असे तेथे लिहिले होते. त्याखाली प्रश्न होता: ‘मग गामाने दगड उचलला म्हणजे नेमके काय केले?’

मी निरुत्तर झालो. एक कड उचलून उभी केली, की दगड कलता करून अंगावर पेलला, की लोटत नेला, की खरोखरच छातीपर्यंत आणला? ‘उचलला’ या एका क्रियापदात हे सारे अर्थ मावतात आणि मराठीचा पदवीधर असूनही मी त्या क्रियापदाचा कधी विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्या वर्गात गेलो, त्याचे पान सर्वांना वाचून दाखवले आणि शंका विचारली म्हणून त्याला रांगेच्या शेवटी उभे करण्यात माझीच चूक झाली, हे सांगितले. मुले गप्प होती. तो मुलगा खाली मान घालून बसला होता. मला मात्र आजोबांचा दगडावरचा हात आठवत होता, आणि आपण त्यांचा काही अपराध करीत आहोत असे वाटत होते.

ती बोच बरेच दिवस राहिली. ती गेली कशी, तेही सांगतो. गामाची थोरवी दगडावर अवलंबून आहे काय, असे मी स्वतःला विचारले आणि जे पुरावे नीट नोंदलेले आहेत तेवढेच हाती घेतले.

१९१० साली गामा लंडनला गेला. उंची बेताची, म्हणून प्रथम त्याला कोणी फारसे मोजले नाही. तेव्हा त्याने कोणत्याही वजनाच्या कोणत्याही तीन मल्लांना अर्ध्या तासात पाडून दाखवतो, असे आव्हान दिले. अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला त्याने सहज हरवले. त्याचा भाऊ इमामबक्ष यानेही त्याच दौऱ्यात स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला पाडले. १० सप्टेंबरला गामाची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी पडली. ही कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली. झिबिस्कोने बहुतेक वेळ पालथे पडून जमीन धरून ठेवली आणि गामाला काही त्याला उलथवता आले नाही. कुस्ती अनिर्णित राहिली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढण्याचे ठरले. त्या दिवशी गामा आला, झिबिस्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. पुढे २९ जानेवारी १९२८ रोजी पतियाळात दोघे पुन्हा समोरासमोर उभे राहिले, या वेळी मातीत. एका मिनिटाच्या आत झिबिस्को चीत झाला.

आजोबा ही हकिगत सांगताना येथेच थांबत. मी दोन गोष्टी जोडू इच्छितो. एक, १९२८ साली दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, आणि मैदान व नियम गामाच्या ओळखीचे होते. तेव्हा त्या एका मिनिटाने १९१० चा निकाल मागे जाऊन लागत नाही. दोन, त्या काळचे जगातले दोन सर्वांत नामांकित मल्ल, अमेरिकेचा फ्रँक गॉच आणि रशियाचा जॉर्ज हॅकनश्मिट, यांच्याशी गामाची कुस्ती कधी झाली नाही. इतके वजा करूनही जे उरते ते काय आहे? पन्नास वर्षांच्या वयापर्यंत ज्याला कोणी पाडू शकले नाही, परक्या मुलखात परक्या नियमांनी लढून ज्याच्यासमोर युरोपातला नावाजलेला मल्ल पालथा पडून राहणेच पसंत करतो, असा एक पुरुष उरतो. त्याला दगडाची गरज नाही. हे उमगल्यावर आजोबांविषयीची माझी बोच गेली. त्यांनी नमस्कार योग्य माणसाला केला होता. फक्त निमित्त बदलावयास हवे होते.

आता अण्णांच्या खाशाबांकडे वळतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेला. गादीवरच्या कुस्तीचा सराव नसतानाही सर्वांत हलक्या गटात सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिक्षकी पेशातल्या माणसाने ही घटना वाचताना क्षणभर थांबावे, अशी ती आहे. बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांना खाशाबांनी हरवले. रशिया आणि जपान यांच्या मल्लांकडून ते हरले. आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. गावाकडे शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे ते पोलीस खात्यात गेले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

खाशाबांचा पुरावा आणि गामाचा पुरावा यांत एक मूलभूत भेद आहे. खाशाबांचे पराभवही नोंदलेले आहेत. कोणाकडून, कोणत्या फेरीत, हे आज कोणीही पडताळून पाहू शकतो. ज्याच्या हारीही कागदावर आहेत, त्याच्या जितीवर विश्वास ठेवणे सोपे जाते. प्रगतिपुस्तकात सर्व विषयांत शंभर गुण दिसले तर शिक्षक प्रथम प्रगतिपुस्तकाकडेच संशयाने पाहतो, तसेच हे आहे.

खाशाबांच्या पाठोपाठ दोन नावे जोडीनेच घ्यावी लागतात. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली पकड घेता येत नाही. ज्यांची हयात टांग, ढाक आणि पट काढण्यात गेली, त्यांनी कमरेखालचे सारे डाव बाजूला ठेवून परक्या विद्येत सुवर्ण आणि रौप्य मिळवावे, हे मला विलक्षण वाटते. दोघेही हिंदकेसरी: आंदळकर १९६० चे, माने १९६४ चे. आंदळकरांनी पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून मल्लांच्या पिढ्या घडवल्या. स्वतः जिंकणे वेगळे आणि दुसऱ्याला जिंकावयास शिकवणे वेगळे. माझ्या व्यवसायामुळे असेल, दुसऱ्या गोष्टीला मी थोडे अधिक गुण देतो.

बेळगावकडील वाचक येथपर्यंत वाचून अस्वस्थ झाले असतील, म्हणून त्यांच्या मल्लाकडे येतो. चिकोडी तालुक्यातील एकसंबा हे श्रीपती खंचनाळे यांचे गाव. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून त्यांनी हिंदकेसरीची गदा आणली. सीमेवरच्या एका खेड्यातला तरुण दिल्लीला जाऊन पंजाबी मल्लाला पाडतो, या वार्तेने त्या काळी किती घरांत गूळ वाटला गेला असेल, हे आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. आशियाई पदक त्यांच्या नावावर नाही, म्हणून प्रतवारीत ते आंदळकर-माने यांच्या खाली येतात. मनातली जागा निराळी.

हरियाणाचे चांदगीराम यांना ‘मास्टर’ म्हणत, कारण ते शाळेत चित्रकला शिकवीत. आमच्या शिक्षकवर्गाला त्यांचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच आहे. धिप्पाड मेहरदीनशी त्यांच्या झालेल्या लढती आजही जुनी माणसे रंगवून सांगतात. १९७० साली बँकॉकला शंभर किलो गटात त्यांनी आशियाई सुवर्ण जिंकले. त्यानंतर १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सतपाल यांनी त्याच वजनात सुवर्ण मिळवले. त्यापूर्वी १९७४ ला कांस्य आणि १९७८ ला रौप्य, अशी एकेक पायरी चढत. माझी यादी मी येथेच थांबवतो. पुढच्या पिढीचे यश मोठे आहे. पण तिची तालीम गादीवरची, आणि तिची तुलना तिच्यातच व्हावी.

राहिले काकांचे दारासिंग. १९५९ साली कलकत्त्यात जॉर्ज गोर्डिएन्कोला आणि १९६८ साली मुंबईत लू थेझला हरवून त्यांनी जगज्जेतेपदापर्यंतच्या पदव्या मिळवल्या. अगडबंब किंगकाँगशी त्यांच्या झुंजी पाहावयास हजारोंची गर्दी लोटे. पण ही कुस्ती धंदेवाईक. तिकिटावर चालणारी, प्रेक्षकांच्या रंजनासाठी रचलेली. आपल्याकडे ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि मातीतला जाणकार ती पाहून हौद्याकडे पाठ फिरवतो. धंदेवाईक आखाड्यातील कोणती झुंज खरी आणि कोणती रंगवलेली, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. म्हणून तिच्या निकालावर प्रतवारी करता येत नाही. याचा अर्थ दारासिंग लहान होते, असा मुळीच नाही. त्यांची ताकद खरी, मेहनत खरी, आणि त्यांना पाहून खेड्यापाड्यांतल्या ज्या मुलांनी पहाटे उठून जोर-बैठका सुरू केल्या, त्या मुलांचा घामही खरा. पुढे दूरदर्शनवर ते हनुमान झाले तेव्हा कोणाला नवल वाटले नाही. मात्र नटाला आणि मल्लाला एकाच तक्त्यात गुण देणे न्यायाचे होणार नाही. त्यांचे नाव मी वेगळ्या पानावर लिहितो.

आता कागद भरतो. माझ्या कसोट्या तीन: समोर कोण होते, निकाल पडताळता येतो काय, आणि त्या मल्लामुळे मागून येणाऱ्यांना काय मिळाले. पहिल्या कसोटीत गामा सर्वांच्या पुढे आहे. दुसरीत खाशाबा. तिसरीत मी बराच काळ अडलो. अखेर असे ठरवले की, पहिला क्रमांक खाशाबा जाधव. मातीत वाढलेला मल्ल गादीवर जगाशी लढू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले, आणि पुढच्या प्रत्येक पदकाची वाट त्या सत्तावन्न किलोंच्या देहाने प्रथम तुडवली. दुसरा गामा; अंतर अगदी केसाचे. तिसऱ्या स्थानी आंदळकर आणि माने जोडीने. त्यानंतर चांदगीराम, सतपाल आणि खंचनाळे. पुतण्याने दहा आकडे घातले होते, माझे सातच भरले. ज्यांच्याविषयी मला खात्रीने लिहिता येत नाही त्यांना केवळ जागा भरण्यासाठी बसवणे बरे नव्हे.

हा कागद मी अण्णांना वाचून दाखवला. खाशाबांचे नाव पहिले ऐकून ते प्रसन्न होतील, असे मला वाटले होते. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाबांना वाईट वाटले असते रे.’ आयुष्यभर ज्या वादात त्यांनी आजोबांना कधी एक पाऊल माघार दिली नाही, तो वाद जिंकल्यावर त्यांना वडिलांची आठवण झाली. मी त्यांना गामाविषयीची सारी हकिगत पुन्हा वाचून दाखवली, दगडाचीसुद्धा. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि पुढल्या रविवारी सयाजीबागेत घेऊन चल, म्हणाले.

आम्ही गेलो. अण्णांनी काठी माझ्या हाती दिली, दगडाजवळ वाकून तो डोळ्यांनीच न्याहाळला आणि नमस्कार केला. मीही केला. तो मुलगा आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे; त्याला पत्राने ही प्रतवारी कळवली आहे, आणि त्यात त्याला चूक आढळली तर तीही कळवावी, असे लिहिले आहे. वाचकांनाही माझी हीच विनंती आहे. आपल्या घरच्या ओसरीवरचा क्रम निराळा असेल, तर कारणांसह अवश्य लिहावे.